'नॉट सो बॅड' म्हणजे नक्की किती दुखतंय?

ही हकिगत एका मराठी नर्सची. नोकरी इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये, परीक्षेत इंग्रजी चांगल्या ग्रेडने पास, आणि तरी वॉर्डात रुजू झाल्यावर दीड महिन्यात घोडं अडलं ते इंग्रजीवरच. तिला विचारून लिहिते आहे. तिचं नाव, रुग्णालय, गाव ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही, काही तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केले आहेत. लेखात तिला मी 'सिस्टर' म्हणेन. हाच शब्द का, ते पुढे येईल.

मी स्वतः साताऱ्याकडच्या एका माध्यमिक शाळेत पंधरा वर्षं इंग्रजी शिकवलं. आता वेस्ट यॉर्कशरमध्ये राहते आणि परदेशातून आलेल्या लोकांना आठवड्यातून दोन दिवस इंग्रजी शिकवते. या प्रकरणात मी लांबून बघणारी नव्हते. निम्म्या चुका माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

सिस्टर मिरजेजवळच्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग नर्सिंगचा डिप्लोमा, मग नऊ वर्षं नोकरी, त्यातली पाच हाडांच्या वॉर्डात. मिरजेला दवाखान्यांची कमी नाही आणि पेशंट पार कर्नाटकातून येतात, त्यामुळे मराठी, कन्नड आणि कामापुरती हिंदी तिच्या जिभेवर. इंग्रजी होतं ते केसपेपरवरचं. डॉक्टरांचा राऊंड, औषधांची नावं, 'पेशंट स्टेबल, व्हायटल्स नॉर्मल'.

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला इंग्रजीचा पुरावा द्यावा लागतो. आयईएल्टीएस चालते, आणि 2017 पासून ओईटी ही खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची परीक्षाही चालते. ओईटीत ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत बी ग्रेड लागते, लिहिण्यात सी प्लस. सिस्टरने ती दुसऱ्या प्रयत्नात काढली. मग संगणकावरची परीक्षा, व्हिसा, आणि इथे आल्यावर 'ऑस्की' ही दहा टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा. ऑस्की होईपर्यंत बँड चार या खालच्या श्रेणीचा पगार, झाली की नोंदणी आणि वरची श्रेणी, बँड पाच. सगळं रीतसर पार पडलं. नवरा आणि सात वर्षांचा मुलगा पाठोपाठ आले.

कागदावर तिचं इंग्रजी माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांपेक्षा सरस होतं. माझ्याकडे ती आली तेव्हा मी तिला विचारलंही, "अगं, तुला माझी गरज काय?" ती म्हणाली, "मॅडम, मला सगळं कळतं. पण ते काय म्हणतायत ते कळत नाही."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. नेमका रोग तिने पहिल्या भेटीतच सांगितला होता.

अडचण

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेले एक आजोबा. ऐंशी ओलांडलेली, तरुणपणी लोकरीच्या गिरणीत काम केलेलं. ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री सिस्टरची ड्यूटी होती. ती दोनदा त्यांच्या खाटेपाशी जाऊन विचारून आली, "एनी पेन?" दोन्ही वेळा उत्तर तेच: "नॉट सो बॅड, लव्ह. मस्टन्ट ग्रम्बल." तिने तक्त्यावर दहापैकी एक लिहिला. गरज पडल्यास द्यायचं म्हणून डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं वेदनाशामक रात्रभर दिलं गेलं नाही.

सकाळी फिजिओथेरपिस्ट त्यांना उभं करायला आली तेव्हा आजोबांचा चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, पाय जमिनीला टेकवेना. तिच्याजवळ मात्र ते बोलले, "इट्स बिन गिव्हिंग मी जिप ऑल नाइट." जिप म्हणजे ठणका. रात्रभर ठणकत होतं आणि तक्त्यावर एक.

आजोबांना पुढे काही अपाय झाला नाही, पण त्या दिवशी चालवायचं राहिलं आणि घटनेची नोंद झाली. वॉर्ड मॅनेजरने सिस्टरला बोलावून घेतलं. बोलणं शांतपणे झालं, पण बारा आठवड्यांनी पुन्हा आढावा घेऊ, तोवर 'कम्युनिकेशन'वर काम कर, असं लेखी दिलं. सिस्टर घरी येऊन रडली. नऊ वर्षांत तिच्यावर असा कागद कधी आला नव्हता.

या एका घटनेमागे बारीकसारीक बऱ्याच गोष्टी साठलेल्या होत्या. त्या हळूहळू बाहेर आल्या.

एक, ती स्वतःची ओळख 'सिस्टर' अशी करून द्यायची. आपल्याकडे प्रत्येक नर्स सिस्टर. इथे सिस्टर म्हणजे वॉर्डची मुख्य परिचारिका, हुद्दा आहे तो. पेशंटचे नातेवाईक तक्रारी घेऊन थेट तिच्याकडे यायचे आणि सहकारी नर्सेस मनात म्हणायच्या, ही आल्या आल्या सिस्टर कशी झाली?

दुसरं, जेवणाच्या वेळा. इंग्लंडच्या उत्तरेकडे जुन्या लोकांचं 'डिनर' दुपारचं आणि 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. घरी एक गोळी 'आफ्टर मी टी' घेतो असं एकाने सांगितलं, तर हिने चार वाजताच्या चहानंतर असं टिपून ठेवलं. फार्मासिस्टच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

तिसरं, 'व्हाइल'. यॉर्कशरमध्ये याचा अर्थ 'पर्यंत' असाही होतो. 'आय वर्क्ड सिक्स व्हाइल टू' म्हणजे सहा ते दोन पाळी. परीक्षेच्या कुठल्याही पुस्तकात हे नसतं. वजन सांगायचं तर स्टोनमध्ये: एक स्टोन म्हणजे सहा किलो आणि वर साडेतीनशे ग्रॅम. 'आय वर इलेव्हन स्टोन' म्हटलं की सत्तर किलो धरायचे, आणि 'वॉज'च्या जागी 'वर' का, याचा विचार करत बसायचं नाही.

आणि चौथं, जे माझ्या मते सगळ्यांत खोलवरचं होतं. एका आजींच्या मुलीने तिला 'बॉसी' म्हटलं होतं, हुकूम सोडणारी. सिस्टर माझ्या बघण्यातल्या सगळ्यांत मऊ माणसांपैकी एक. मी तिला म्हटलं, त्या आजींशी काय बोललीस ते जसंच्या तसं सांग. ती म्हणाली, "टर्न दिस साइड. लिफ्ट युवर हँड. टेक मेडिसिन." मराठीत 'कुशीवर वळा', 'हात वर करा', 'गोळी घ्या' म्हणताना आदर त्या क्रियापदातच असतो, शेवटच्या 'आ'कारात. वेगळं काही म्हणावं लागत नाही. तेच इंग्रजीत ओतलं की आदर गाळणीत अडकून राहतो आणि खाली पडतो नुसता हुकूम. तिच्या मनात 'वळा' होतं. आजींच्या मुलीने 'वळ' ऐकलं.

समोरचे पर्याय

बारा आठवडे होते. चार वाटा दिसत होत्या.

पहिली, उच्चार 'सुधारणारा' ऑनलाइन कोर्स. तिच्या एका सहकारी नर्सने तो केला होता. फी भरपूर. पण सिस्टरचं बोलणं लोकांना कळत होतंच, अडचण उलट्या दिशेला होती. हा पर्याय आम्ही लगेच सोडला.

दुसरी, वॉर्ड बदलून मागणं. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंट झोपलेला, बोलणं सर्जनशी. तिच्या नवऱ्याचं मत याच बाजूचं होतं आणि ते अगदीच वेडं नव्हतं. पण सिस्टर म्हणाली, मला माणसांजवळ काम करायचंय. शिवाय आढावा चालू असताना बदली मागितली तर पळून गेल्यासारखं दिसेल, हीही भीती होती.

तिसरी, काहीच न करणं. हे मी गमतीने म्हणत नाही. कान हळूहळू तयार होतो, वर्षभरात बरंच आपोआप सुटतं. वर्षभर थांबायला वेळ असता तर कदाचित मी हेच सांगितलं असतं.

चौथी, माझी. ब्रिटिश संस्कृती आणि जगभरच्या प्रेरक गोष्टी यांतून इंग्रजी, आठवड्याला दोन तास. ही वाट घेतली ती मी सुचवली म्हणून. मॅडम म्हणतात तर तसंच असेल, असं तिला वाटलं. शिक्षकाचा शब्द प्रमाण मानायची आपली सवय इथे आड आली. तिने मला दोन उलट प्रश्न विचारले असते तर आमचे पाच आठवडे वाचले असते.

पहिला डाव, आणि तो का फसला

मी जो अभ्यासक्रम आखला तो कागदावर देखणा होता. नागरिकत्वासाठी जी 'लाइफ इन द यूके' परीक्षा असते, 45 मिनिटांत 24 प्रश्न आणि पास व्हायला 18 बरोबर, तिच्यातले विषय घेतले: राजघराणं, आठव्या हेन्रीच्या सहा राण्या, 1605 चा संसद उडवायचा गाय फॉक्सचा कट आणि 5 नोव्हेंबरची आतषबाजी, युद्धात मेलेल्यांसाठी 11 नोव्हेंबरची दोन मिनिटांची शांतता आणि कोटावरचं लाल पॉपीचं फूल. सोबत दर आठवड्याला एक गोष्ट. मेरी सीकोल घेतली: जमैकात 1805 साली जन्मलेली, क्रिमियन युद्धात शुश्रूषेसाठी जायला तयार असून सरकारने न घेतलेली, मग स्वतःच्या पैशाने गेलेली, तिचा पुतळा लंडनला सेंट थॉमस हॉस्पिटलच्या आवारात 2016 साली उभा राहिला. केनियाच्या वांगारी माथाई घेतल्या, 1977 पासून बायकांकडून झाडं लावून घेणाऱ्या आणि 2004 साली नोबेल मिळवणाऱ्या. सिस्टर गोष्ट वाचायची, आपल्या शब्दांत सांगायची, मी चुका काढायची. तिची प्रगती छान चालली होती. माझ्या वर्गात.

वॉर्डात काडीचा फरक नव्हता. सहा राण्यांची नावं ओळीने सांगता येणाऱ्या बाईला 'आय फील रिअल पुअर्ली' या वाक्यातला माणूस गरीब नसून आजारी आहे, हे उमगायला शेजारच्या खाटेवरच्या आजींना विचारावं लागलं.

चौथ्या आठवड्यात मी कॅप्टन टॉम मूर यांची गोष्ट दिली. मुद्दाम निवडली होती, कारण ते इथलेच, जन्म 1920 चा, कीथली गावचा. 2020 च्या टाळेबंदीत शंभराव्या वाढदिवसाआधी वॉकरच्या आधाराने बागेत शंभर फेऱ्या मारायच्या, असा त्यांनी पण केला. आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी एक हजार पौंड जमवायचा विचार होता, जमले तीन कोटींहून जास्त. मी म्हटलं, ही गोष्ट वॉर्डात सांग. म्हाताऱ्या पेशंटशी बोलायला यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही.

तिने सांगितली. खिडकीजवळच्या खाटेवरचे एक गृहस्थ म्हणाले, "डोन्ट गेट मी स्टार्टेड." पुढे त्या कुटुंबाने काढलेल्या संस्थेच्या कारभारावर बरीच टीका झाली होती, ती त्यांनी पंधरा मिनिटं ऐकवली. पलीकडचे म्हणाले, म्हाताऱ्याचा काय दोष त्यात? दोघांची जुंपली. सिस्टर मध्ये उभी. मला सांगताना ती घाबरलेली होती: "मॅडम, गोष्ट उलटली." मी मात्र विचारलं, त्या पंधरा मिनिटांत तुला कळलं किती? ती थांबली. म्हणाली, "बहुतेक सगळंच."

चार आठवड्यांत वॉर्डातलं हे पहिलं खरं संभाषण होतं, आणि ते माझ्या धड्यामुळे नाही, धडा बिघडल्यामुळे झालं होतं. मी त्या दिवशी याचा नीट विचार करायला हवा होता. मी पुढच्या आठवड्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेल काढली.

वळण

वळण आलं ते एका रविवारी, पोह्यांच्या बशीवर. सिस्टर सहकुटुंब आमच्याकडे आली होती. बोलता बोलता माझ्या नवऱ्याने तिला विचारलं, मिरजेच्या वॉर्डात गावाकडचे म्हातारे पेशंट त्रास देतात का गं? ती हसली. म्हणाली, "त्रास कसला काका, ते बोलतच नाहीत. मांडीचं हाड मोडून आलेला शेतकरी. विचारलं, आजोबा दुखतंय का? तर म्हणतो, काय न्हाय, बरं हाय की."

"मग तू काय लिहायचीस तक्त्यावर?"

"बरं हाय म्हटल्यावर कोण विश्वास ठेवतंय? चादर मुठीत धरलीय का बघायचं. मुलाला बाहेर घेऊन विचारायचं, रात्री झोपले का? कूस बदलायला लावायची, तोंडाकडे बघायचं."

मी हातातली बशी खाली ठेवली. "अगं, मग तुझे ते आजोबा 'नॉट सो बॅड' म्हणाले, ते दुसरं काय होतं?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "बरं हाय की."

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणाचा काटा इथे फिरला. गिरणीतला तो म्हातारा आणि सांगलीकडचा ऊसवाला म्हातारा एकाच मातीचे. दुखणं सांगायचं नाही, सिस्टरला त्रास द्यायचा नाही. ही संस्कृती तिला नव्याने शिकायचीच नव्हती, ती तिला नऊ वर्षांपासून येत होती. इंग्रजीत शिरताना तिने आपला अनुभव दाराबाहेर चपलांसारखा काढून ठेवला होता. इंग्रजी म्हणजे परीक्षा, परीक्षेत प्रश्न, आणि उत्तर दिलं की ते खरं धरायचं. मराठीत ती नर्स होती, इंग्रजीत विद्यार्थिनी.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. त्या रात्रीची चूक निव्वळ भाषेची नव्हती. पडून असताना दुखत नाही ते हलताना, खोकताना दुखतं, म्हणून हालचाल करून विचारायचं, हे नर्सिंग आहे, इंग्रजी नाही. यॉर्कशरमध्येच जन्मलेली नर्सही त्या आजोबांच्या उत्तरावर फसू शकली असती. भाषेच्या खात्यात सगळं टाकलं की हे झाकलं जातं, आणि त्या लेखी कागदात ते झाकलं गेलंच होतं.

दुसरा डाव

उरलेल्या सात आठवड्यांसाठी मी माझा अभ्यासक्रम गुंडाळून ठेवला. सिस्टरने एक शंभर पानी वही केली. डावीकडे वॉर्डात ऐकलेलं वाक्य, जसं कानावर पडलं तसं देवनागरीत. उजवीकडे अर्थ नाही. आपल्याकडे अशा वेळी माणूस काय म्हणेल, ते.

'मस्टन्ट ग्रम्बल' समोर: चाललंय आपलं.

'आय डोन्ट वॉन्ट टू बी अ नुइसन्स' समोर: तुम्हाला कशाला त्रास. आणि खाली लाल शाईने: म्हणजे याला काहीतरी हवंय.

'आय मस्ट स्पेंड अ पेनी' समोर: जाऊन येतो. लघवीला, अर्थात.

'शार्प स्क्रॅच' समोर तिने लिहिलं: मुंगी चावल्यासारखं होईल हं. सुई टोचण्याआधी इथल्या नर्सेस हे दोन शब्द म्हणतात. ते वाचून मला आमच्या शाळेत टीबीची लस टोचायला येणाऱ्या बाई आठवल्या.

सगळ्यांत जास्त अडला तो 'पॉप'. इथल्या नर्सेस दर वाक्यात पॉप करतात. पॉप युवरसेल्फ ऑन द बेड, पॉप युवर आर्म आउट फॉर मी. "हे पॉप म्हणजे काय हो मॅडम, लाह्या?" आम्ही बराच वेळ त्यावर घालवला. शेवटी तिनेच सोडवलं: "पॉप म्हणजे आपलं 'जरा... बघू'. जरा हात असा घ्या बघू." अगदी बरोबर. 'आ'कारातला जो आदर इंग्रजीत गाळणीत अडकत होता, त्याची सोय या असल्या चिल्लर शब्दांत होती: पॉप, जस्ट, अ बिट, फॉर मी. इंग्रजी माणूस वाकड्या वाटेने मागतो, तोच त्याचा नमस्कार. 'बॉसी'चा प्रश्न दोन आठवड्यांत संपला.

ओळख करून देण्याचं कोडं एका खऱ्या गोष्टीने सोडवलं. डॉ. केट ग्रेंजर यॉर्कशरमध्येच वृद्ध रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर होत्या. 2011 साली, वयाच्या 29 व्या वर्षी, त्यांना बरा न होणारा कॅन्सर निघाला. 2013 साली रुग्णालयात पडून असताना त्यांच्या लक्षात आलं, की तपासायला येणारी कितीतरी माणसं आपलं नावसुद्धा सांगत नाहीत. तिथून 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम निघाली. 2016 च्या जुलैमध्ये त्या गेल्या, पण त्या चार शब्दांचे बिल्ले आजही ब्रिटनभर कर्मचाऱ्यांच्या छातीवर दिसतात. सिस्टरच्या गणवेशावरही तो बिल्ला पहिल्या दिवसापासून होता. गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. कळल्यावर तिने 'सिस्टर' म्हणणं सोडलं आणि स्वतःचं नाव सांगायला लागली. आडनाव नाही, नुसतं नाव. वडीलधाऱ्यांसमोर असं नुसतं नाव सांगायला तिला आठवडाभर चोरट्यासारखं वाटत होतं.

तिसरी गोष्ट, वाचनालयातला विणकाम गट. इथे बऱ्याच वाचनालयांत असा गट असतो, 'निट अँड नॅटर' म्हणतात. विणा आणि गप्पा मारा. सगळ्या सत्तरी-पंचाहत्तरीच्या बायका, बिस्किटं, चहा. सिस्टरला विणकाम येत होतं, म्हणून मी तिला सुट्टीच्या दिवशी तिथे नेऊन बसवलं. तिचं काम एकच: ऐकायचं आणि चहा आणून द्यायचा. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी विचारलं, तुमच्याकडच्या एखाद्या बाईची गोष्ट सांग ना. मी काहीच तयारी करून घेतलेली नव्हती.

तिने सावित्रीबाईंची सांगितली. शाळेची नाही, शेवटची. 1897 सालचा पुण्याचा प्लेग, मुलगा डॉक्टर, गावाबाहेर दवाखाना, मुंढव्याकडचा प्लेग झालेला मुलगा पाठीवर घालून आणणारी पासष्टी ओलांडलेली बाई, आणि त्याच रोगाने 10 मार्चला आलेला मृत्यू. काळ चुकले, 'ही' आणि 'शी'चा गोंधळ झाला. कोणी दुरुस्त केलं नाही. सुया थांबल्या होत्या. एका बाईंनी विचारलं, "ऑन हर बॅक?" सिस्टर म्हणाली, "येस. ऑन हर बॅक."

मग त्या बाईंनी आपली गोष्ट काढली. डर्बीशरमधलं ईम गाव. 1665 साली लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून तिथे प्लेग शिरला, आणि आसपासच्या गावांत पसरू नये म्हणून पाद्र्याच्या सांगण्यावरून गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं. बाहेरचे लोक शिवेवरच्या दगडापाशी अन्न ठेवायचे, आतले व्हिनेगरमध्ये बुडवून नाणी ठेवायचे. 'बाउंडरी स्टोन' हा शब्द आल्यावर सिस्टर पटकन मला मराठीत म्हणाली, "शिवेचा दगड. मारुतीच्या देवळापलीकडं असतोय तसा." परत जाताना गाडीत ती अर्धा तास प्लेगवर इंग्रजीत बोलत होती आणि ते तिच्या लक्षातही नव्हतं.

पाच आठवडे मी तिला गोष्टी देत होते आणि ती परत सांगत होती. इथे पहिल्यांदा तिच्याजवळ असं काही होतं जे समोरच्याला हवं होतं. फरक एवढाच, पण माझ्या पंधरा वर्षांच्या मास्तरकीला तो दिसला नव्हता.

निष्पत्ती

बारा आठवड्यांनंतरचा आढावा बरा झाला. वॉर्ड मॅनेजरने तिच्या वेदनेच्या नोंदी मुद्दाम काढून पाहिल्या. आता त्यांत आकड्याबरोबर एक ओळ असायची: कूस बदलताना चेहरा आक्रसतो, पाय पुढे टाकायला नको म्हणतात, रात्री झोप नाही. ती आता 'एनी पेन?' विचारत नाही. कोणी 'नॉट सो बॅड' म्हणालं की ती म्हणते, "अँड व्हेन यू मूव्ह?" आणि तोंडाकडे बघत राहते. लेखी कागद फाइलमध्ये गेला, पुढे काही झालं नाही.

फजितीही झाल्याच. इथे कोणालाही मायेने हाक मारायचा 'लव्ह' हा शब्द जमायला लागल्यावर तो सगळीकडे सुटला, एकदा थेट सर्जनला: "युवर ग्लव्ह्ज, लव्ह." वॉर्डात अजून ते सांगून हसतात. मुलगा शाळेत पक्का यॉर्कशरचा झालाय आणि जेवताना आईचे उच्चार सुधारतो. याचं तिला वाईट वाटतं, कौतुकही वाटतं, आणि त्यावर माझ्याकडे काही औषध नाही.

टेलिफोनचं मात्र जमलेलं नाही. तिच्या या सगळ्या नव्या कौशल्याला समोर चेहरा लागतो. फोनवर चेहरा नाही, मूठ नाही, चादर नाही. रात्री अकराला कोणाचा तरी मुलगा काळजीने फोन करतो, भरभर बोलतो, आणि तिच्या पोटात गोळा येतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, सगळं कळतं पण ते काय म्हणतात ते कळत नाही. तेव्हाच मी तिच्याबरोबर वॉर्डातली दहा वाक्यं लिहून काढायला हवी होती. मी विद्यार्थिनी बघितली, तिचं काम बघितलं नाही. पुस्तकातला ब्रिटन शिकवायला सोपा असतो, कारण तो मला येतो.

तिच्या वॉर्डात तीस वर्षं काम केलेल्या, त्याच गावात जन्मलेल्या एक मदतनीस बाई होत्या. आजोबांच्या उत्तराचा खरा अर्थ त्यांनी तिथल्या तिथे सांगितला असता. सिस्टरने त्यांना विचारलं नाही, कारण हुद्द्याने त्या तिच्याखाली होत्या आणि मिरजेत मामा-मावशींना नर्स असं विचारत नाही. ही एक पायरी उतरली असती तर कदाचित तो कागदच आला नसता. रुग्णालयालाही हे जमण्यासारखं होतं: ऑस्कीच्या तयारीवर इतके आठवडे घालवतात, त्यात इथल्या बोलीचा एक दिवस सहज बसला असता.

कॅप्टन टॉमची गोष्ट उलटली त्या दिवशीच मी मार्ग बदलायला हवा होता. नाइटिंगेलवर गेलेला आठवडा निव्वळ माझ्या हट्टाचा. आणि गोष्टी 'प्रेरक' असाव्यात हा आग्रह मी आता सोडलाय. ज्यावर दोन पेशंट भांडले ती गोष्ट, जिच्यापुढे सगळे माना डोलावतात तिच्यापेक्षा जास्त शिकवून गेली.

फोनसाठी हल्ली आम्ही एकच सराव करतो, स्पेलिंग सांगण्याचा. सुरुवातीला ती आपल्या सवयीने सांगायची, एस फॉर सांगली, के फॉर कोल्हापूर, आणि पलीकडचा माणूस गप्प. आता फोनशेजारच्या भिंतीवर ए, बी, सीसाठी इथे सांगतात त्या अल्फा, ब्राव्हो, चार्लीची चिठ्ठी चिकटवली आहे. दिवसा ती बघून नीट सांगते. रात्रपाळीला, पहाटे चारच्या सुमाराला, अजूनही सांगली निघून जाते.